राजीनाम्याआधी एक प्रश्न

एका वाचक भगिनीचं पत्र, ओळख पटेल असा तपशील वगळून, थोडक्यात:

मी ३३ वर्षांची आहे. विरारला राहते, अंधेरीला एका खासगी बँकेत नोकरी करते. नोकरी सांभाळून पुरातत्त्वात एमए केलं, ५८ टक्के मिळाले. आता राजीनामा देऊन पूर्णवेळ पीएचडी करायची आहे. बँकेत विमा विकण्याच्या टार्गेटनं जीव नकोसा झालाय. पण हातात येतात ६८ हजार, त्यातला २६ हजारांचा घराचा हप्ता, आणि मुलगी दुसरीत. तिशी उलटल्यामुळे फेलोशिप हुकली ती हुकलीच. नवरा म्हणतो, ‘तू ठरव.’ सासूबाई म्हणतात, ‘हे वय काय मडकी जुळवायचं आहे?’ पीएचडी केल्याशिवाय मात्र ‘हौशी’ हा शिक्का पुसला जाणार नाही असं वाटतं. एकदा तरी स्वतः उत्खनन करायचं आहे. दोन प्राध्यापकांना ईमेल केली. एकांनी विचारलं, विषय काय? मी लिहिलं, ‘सोपाऱ्याचा प्राचीन इतिहास’. त्यानंतर त्यांचं उत्तर नाही. राजीनामा देऊ का? की आधी पुण्याला जाऊन पुन्हा एमए करू?

पत्र लांबलचक लिहिलंत ते बरं केलंत. बँकेबद्दलचा भाग वाचताना तुमचे मॅनेजर माझ्यापुढे उभे राहिले, महिनाअखेरीच्या त्यांच्या आरड्याओरड्यासकट. सोपारा, म्हणजे तुमच्या शेजारच्या नालासोपाऱ्याचं ते प्राचीन बंदर, मात्र उभं राहिलं नाही. ‘लहानपणापासून आवड’, ‘आपला वारसा’, ‘मातीची ओढ’, एवढ्यावरच ते आटपलंय. राग मानू नका, पण त्या प्राध्यापकांकडून पुढे उत्तर का आलं नसावं, हे मला इथेच कळलं.

‘सोपाऱ्याचा प्राचीन इतिहास’ हे पुस्तकाचं नाव होईल. पीएचडीला प्रश्न लागतो, आणि तोही असा, की ज्याचं उत्तर आज कुणाकडे नाही पण शोधायची वाट दिसते आहे. कान्हेरीच्या लेण्यांत जे दानलेख आहेत त्यांत कल्याण, सोपारा, चौल इथल्या दात्यांचे उल्लेख आहेत. हे तुम्ही एमएला शिकलातच. पण कल्याणचा व्यापारी कान्हेरीला आला कसा? खाडीतून होडीनं आला की पायवाटेनं डोंगर चढून? वाटेत मुक्कामाची वस्ती होती का, आणि असेल तर तिची खापरं आज कुठल्या गावच्या शेतात उघडी पडतात? हे विचारलं की नकाशा घ्यावा लागतो, चालावं लागतं, दानलेख पुन्हा वाचावे लागतात, म्हणजे काम सुरू होतं.

सोपाऱ्याचंच बघा. ज्या टेकाडाला गावकरी बुरुड राजाचा कोट म्हणत, ते १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी खणलं. आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी, पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, भोवती ब्राँझच्या आठ मूर्ती. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी मिळाला, आणि नवव्याचा १९५६ साली जवळच्या भुईगावात. ही सगळी राजाची आणि भिक्षूंची बाजू झाली. गलबतांवर माल चढवणारी माणसं कुठे राहत होती? खाडी तेव्हा किती आतपर्यंत होती आणि गाळानं कधी भरत गेली? नालासोपाऱ्याच्या इमारतींखाली आता शोधण्याजोगं काय उरलंय? यातला एकेक प्रश्न माणसाची पाच वर्षं खाईल. यातलाच घ्या असं मी म्हणत नाही. पण असा एखादा प्रश्न तुम्हाला लोकलच्या गर्दीतही सतावतो का, हे आधी बघा. सतावत नसेल, तर तुम्हाला पीएचडी नको, दुसरी नोकरी हवी आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त ती शोधायची तऱ्हा वेगळी असते.

आता उत्खननाबद्दल. पीएचडी म्हणजे उत्खनन, असं तुम्ही धरून चालला आहात. परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं, आणि तो विद्यापीठाला किंवा संस्थेला, तिथल्या अनुभवी माणसाच्या नावावर मिळतो. नव्या विद्यार्थिनीला कुणी टेकाड आंदण देत नाही. शोधप्रबंधाचं बरंचसं काम सर्वेक्षणावर होतं, वस्तुसंग्रहालयांत आणि संस्थांच्या कोठारांत पडून असलेल्या जुन्या उत्खननांच्या सामग्रीवर होतं, कोरीव लेखांवर, मूर्तींवर, वीरगळांवर म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या स्मारकशिळांवर होतं. उत्खननात सामील व्हाल तेव्हाही कुदळ-ब्रशचा वाटा थोडा. पहाटे उठून चरावर जायचं, दुपारी खापरं धुऊन वाळवायची, प्रत्येकावर शाईनं बारीक अक्षरात क्रमांक घालायचा, संध्याकाळी भांड्यांच्या काठांची रेखाटनं. पावसाळ्यात हे सगळं बंद, तेव्हा टेबलावर बसून त्याच खापरांचे तक्ते. मी अशा छावण्यांत राहिले आहे आणि तिथे तरुण मुलं कंटाळताना पाहिली आहेत. गंमत म्हणजे बँकेतून आलेली माणसं बहुधा कंटाळत नाहीत. ताळा जुळेपर्यंत न उठण्याची त्यांची सवय या कामात सोन्यासारखी असते. बँकेतली इतकी वर्षं फुकट गेली असं जे तुम्ही लिहिलंय, ते म्हणून मला पटत नाही.

‘हौशी’ या शिक्क्याचं तुम्ही फार मनाला लावून घेतलंय. ज्यांनी तुमचं सोपारा खणलं ते भगवानलाल जुनागढचे. गिरनारच्या लेखांवर डोकं घालून ब्राह्मी शिकले, मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे कामाला आले. भगवानलालांचे निबंध इंग्रजीत इतरांनी उतरवले. कुठल्याही विद्यापीठात ते शिकले नव्हते. पुढे हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. जुनी गोष्ट नको असेल तर आजची घ्या. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे आपापला पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळून सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, हिंडत राहिले, गावकऱ्यांना विचारत राहिले. कोकणातली कातळशिल्पं आज युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, त्यात या हिंडण्याचा मोठा वाटा आहे.

मग पीएचडी करायचीच कशाला? तुमचा प्रश्नच असा निघाला, की कोठारातल्या पेट्या उघडून घ्याव्या लागतात, नमुने प्रयोगशाळेत पाठवावे लागतात, परवान्याच्या कामात उतरावं लागतं, आणि ‘हे सिद्ध कुठे झालं?’ असं दर महिन्याला दरडावणारं कुणीतरी लागतं, तर पीएचडीला पर्याय नाही. हे सगळं एकट्या माणसाला सुटीच्या दिवशी जमत नाही. पण शिक्का पुसायला म्हणून करू नका. या क्षेत्रात पीएचडी झालेल्यांनाही एकमेकांना हौशी म्हणताना मी ऐकलं आहे!

वयाचा आणि पैशाचा हिशेब मात्र तुम्ही चुकीचा मांडलाय, तो आधी दुरुस्त करू. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नेट परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन फेलोशिपसाठी ३० वर्षांची मर्यादा आहे, पण महिलांना ५ वर्षांची सवलत आहे. म्हणजे तुमच्यासाठी ती ३५. परीक्षा वर्षातून दोनदा होते, पुरातत्त्व हा तिच्यात स्वतंत्र विषय आहे. तुमच्या हातात अजून काही संधी आहेत, आणि तुम्ही त्या सोडूनच दिल्या होत्या. अर्ज भरताना त्या वेळचं परिपत्रक तेवढं वाचा, कारण नियम बदलतात. जेआरएफची रक्कम २०२३ पासून दोन वर्षं महिना ३७ हजार, त्यानंतर ४२ हजार, वर घरभाडे भत्ता, सगळी मिळून पाच वर्षं. ती घेताना पगाराची नोकरी करता येत नाही. जेआरएफ हुकली तरी नेटचे गुण पीएचडीच्या प्रवेशाला चालतात. तिथे नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, मात्र ते गुण वर्षभरच ग्राह्य धरतात. तुमचा प्रवर्ग पत्रात नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही प्रवर्गानुसार संशोधन फेलोशिप आहेत, जी लागू असेल तिची जाहिरात बघत राहा. एमएला ५५ टक्के लागतात, ते तुमच्याकडे आहेत.

म्हणजे ३७ हजारांतून २६ हजारांचा हप्ता गेला तर उरतं काय ते तुम्हीच काढा, बँकेत आहात. शिवाय फेलोशिपचे पैसे पहिल्या तारखेला खात्यात पडतील असं गृहीत धरू नका. कधी चार महिन्यांचे एकदम येतात. नवऱ्याचा पगार किती ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो आणि साताठ महिन्यांच्या खर्चाची शिल्लक असल्याशिवाय राजीनाम्याचा विचार करू नये, असं माझं मत आहे. फेलोशिप नसेल तर तर नाहीच.

मधली वाटही आहे, तिचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे नोकरी करत अर्धवेळ पीएचडी करता येते, बँकेचं ना-हरकत पत्र मात्र लागतं. कमीत कमी तीन वर्षं, सर्वसाधारण मर्यादा सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि महिलांना त्यावर दोन वर्षांची सूट, असे जास्तीत जास्त दहापर्यंत जाता येतं. सुरुवातीच्या अभ्यासक्रमाला हजेरी लागते, त्यासाठी बिनपगारी रजा मिळते का हे मनुष्यबळ विभागाला विचारून ठेवा. सोपारा तुमच्या घरापासून एका स्टेशनवर. पुण्याची मुलं एसटीनं जाऊन मुक्काम करतील तिथे तुम्ही रविवारी सकाळी पोहोचून दुपारी जेवायला घरी याल. अर्धवेळात एकच धोका मोठा: पहिल्या दोन वर्षांत जीव ओतायचा, मग बँकेत बढती, मुलीची शाळा, आणि प्रबंध कपाटात. असं झालेलं अनेकांचं आहे.

पुढे काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी सक्तीची नाही, नेट किंवा राज्याची सेट परीक्षा पुरते. पण जागा कुठे आहेत? मुंबईत प्राचीन भारतीय संस्कृती शिकवणारी कॉलेजं मोजकी, झेवियर्स, साठ्ये अशी काही. बाकी घड्याळी तासिकांवर शिकवणारे आणि वर्षानुवर्षं कायम न झालेले हुशार लोक तुम्हाला जागोजागी भेटतील. सरकारी जागा, म्हणजे केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणातल्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयातल्या, स्पर्धा परीक्षांतून भरतात, निघतात कमी, आणि तिथेही पीएचडी ही पहिली अट नसते. तेव्हा ‘पीएचडी झाली की याच क्षेत्रात नोकरी’ हे गणित डोक्यातून काढून टाका. ते जमलं तर वरकमाई समजा.

घराकडे वळते. सासूबाईंच्या टोमण्यानं तुम्ही दुखावलात हे दिसतंय, पण मला त्यांच्यापेक्षा नवऱ्याच्या ‘तू ठरव’ची काळजी वाटते. सासूबाईंनी निदान स्वतःची अडचण सांगितली. त्यांना वाटत असणार, सून महिनाभर गावोगाव हिंडणार आणि नात माझ्या गळ्यात पडणार. खरं आहे ते. ‘तू ठरव’मध्ये मात्र होकारही नाही आणि जबाबदारीही नाही. उद्या अडलं की ‘तूच ठरवलं होतंस’ हे ऐकावं लागतं. त्यांना मोठा प्रश्न विचारू नका, बारीक विचारा. डिसेंबरात मी पंधरा दिवस छावणीवर असेन, तेव्हा मुलीला बसवर कोण सोडणार? पालकसभेला कोण जाणार? हप्ता दोन वर्षं तुम्ही एकट्यानं भराल का, आणि नसेल जमत तर कर्जाची मुदत वाढवायची का? उत्तरं मिळाली की होकार आहे की नाही, ते आपोआप कळेल. सासूबाईंना एकदा कान्हेरीला घेऊन जा, असंही सुचवेन. रविवारची गर्दी टाळा.

यंदा राजीनामा नको. हिवाळा वापरा. एखाद्या संस्थेच्या उत्खननात किंवा सर्वेक्षणात स्वयंसेवक म्हणून पंधरा दिवस, जमलं तर महिनाभर जा, रजा टाकून. मुंबई विद्यापीठाचं पुरातत्त्व केंद्र कलिन्याला आहे, साष्टीच्या, म्हणजे मुंबई-ठाण्याच्या बेटाच्या, सर्वेक्षणाचं काम तिथल्या लोकांनी केलं आहे. पुण्याचं डेक्कन कॉलेज तर महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाचं माहेर, इनामगाव, नेवासे ही उत्खननं तिथलीच. दोन्हीकडे लिहून विचारा. छावणीवर राहायची सोय, स्वच्छतागृह, सोबत आणखी कुणी बाई आहे का, हे निःसंकोच विचारायचं. जी संस्था या प्रश्नांवर नाक मुरडते तिच्याकडे जाऊच नका. पंधरा दिवसांत तुमची पाठ, झोप आणि उत्साह यांचं खरं काय ते कळेल. घरच्यांनाही तुमच्याशिवाय राहून पाहता येईल.

रविवार तुमच्याच तालुक्यासाठी ठेवा. आगाशी, निर्मळ, वसई, सोपारा. देवळाच्या आवारात शेंदूर फासलेले वीरगळ, विहिरीच्या काठावर आडवे टाकलेले कोरीव दगड, पाया खणताना निघालेली खापरं. फोटो, मोजमाप, जागेची नोंद, गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं नाव, बस. उचलायचं नाही, उकरायचं तर मुळीच नाही, तो गुन्हा ठरू शकतो. काही महिन्यांनी ही वही चाळताना एखादी गोष्ट खटकेल: या चार गावांत वीरगळ आहेत आणि मधल्या गावात एकही का नाही? किंवा एकाच तऱ्हेचं खापर फक्त खाडीकाठीच का मिळतं? खटकलं की थांबा. मग मुंबईतली एशियाटिक सोसायटी आणि झेवियर्समधली हेरास संस्था इथली ग्रंथालयं आहेतच, आधी कुणी काय लिहिलंय ते वाचा. निम्म्या वेळा उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या गॅझेटियरमध्ये सापडतं आणि आपला प्रश्न बाद होतो. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही, दुसरा शोधायचा.

तोवर त्या प्राध्यापकांना पुन्हा ईमेल करू नका. कराल तेव्हा दोन पानांचं टिपण जोडा: प्रश्न काय, आधी कोणी काय म्हटलंय, तुम्ही स्वतः काय पाहिलंत, आणि शोधायचं कसं. त्यांचे निबंध वाचून मगच लिहा, ते ओळखतात. एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असावेत याला मर्यादा आहे, प्राध्यापकाकडे आठ, सहयोगीकडे सहा, सहायककडे चार, त्यामुळे जागा नाही म्हणाले तर तो तुमचा अपमान नव्हे. आणि होकार आला तरी लगेच हुरळून जाऊ नका. त्यांच्याकडच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून चहा पाजा आणि विचारा: प्रकरण लिहून दिलं की किती दिवसांत वाचून मिळतं? निबंधावर पहिलं नाव कुणाचं लागतं? किती जण अर्ध्यावर सोडून गेले? मार्गदर्शकाची कीर्ती या उत्तरांपुढे दुय्यम आहे.

प्रश्न, मार्गदर्शक आणि जेआरएफ ही तिन्ही हाती आली तर खुशाल राजीनामा द्या. पहिली दोन आली आणि तिसरी नाही, तर अर्धवेळ. नुसती जेआरएफ मिळाली आणि प्रश्न नाही, हा प्रकार सगळ्यांत फसवा. मग दरमहा पैसे येत राहतात, म्हणून माणूस कुठला तरी विषय घेऊन बसतो आणि चौथ्या वर्षी रडतो. तुमच्यासारखी पत्रं आणखीही आली आहेत, कुणी आयटीतल्या, कुणी शिक्षिका, एक तर रेल्वेतले बुकिंग क्लार्क. त्यांनाही हेच लागू.

राहिलं पुन्हा एमए करायचं. नको. एक एमए आहे, गुण पुरेसे आहेत, आणि दुसऱ्यात तुमची दोन वर्षं जाऊन जेआरएफची वयोमर्यादा मात्र ओलांडली जाईल. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका ग्रेटर नोएडाला होते. ती सरकारी पुरातत्त्व खात्यात जायचं असेल तर उपयोगाची, पण त्यासाठी दोन वर्षं घर सोडावं लागेल, आणि तुमच्या पत्रात त्या नोकरीची इच्छा मला कुठे दिसली नाही. त्यापेक्षा ब्राह्मी वाचायचा सराव करा आणि संगणकावर नकाशे करायला शिका. दोन्ही संध्याकाळी घरी बसून होतं. नेटच्या पुढच्या अर्जाची तारीख आजच कॅलेंडरवर टाकून ठेवा.